कढई उतरवायचा हक्क

वैद्यांच्या दवाखान्यात केसांचं तेल महिन्यातून एकदा शिजायचं, आणि त्या दिवशी घरात वैद्यांपेक्षा त्यांच्या बहिणीचा तोरा मोठा असायचा. बहीण चार वर्षांनी थोरली. वैद्य तिला ताई म्हणत, बाकी सारं जग आत्याबाई म्हणे. नवऱ्याच्या माघारी ती भावाकडे आली ती एक ट्रंक आणि गुडघ्याशी खेळणारे केस घेऊन. ट्रंक माळ्यावर गेली, केस वयाबरोबर विरळ झाले, आणि आत्याबाई मागच्या खोलीतल्या मोठ्या कढईपुढे जी उभी राहिली ती एकतीस वर्षं.

तेव्हा तेलं अशीच घरोघरच्या वैद्यांकडे शिजत. बाटल्यांना बुचं असत, लेबलं हातानं लिहिलेली असत, आणि बाटली रिकामी झाली की माणसं ती धुऊन परत आणून देत. तिळाचं तेल, त्यात माक्याचा आणि आवळ्याचा रस, आणि बाकीची औषधं वाटून केलेला चटणीसारखा गोळा. या गोळ्याला वैद्य कल्क म्हणत. हे सगळं सकाळपासून मंद आचेवर ढवळत बसायचं, रसातलं पाणी पार आटेपर्यंत. मेख होती ती शेवटच्या दहा मिनिटांत. पाणी राहिलं तर तेल महिन्याभरात खवट होणार. जास्त शिजलं तर औषध करपून नुसतं जळकं तेल हाती येणार. म्हणून कढईतला चिमूटभर कल्क उचलून दोन बोटांत वळायचा. बोटांना न चिकटता त्याची वात वळली की ती दिव्याच्या ज्योतीवर धरायची. पाणी असेल तर वात तडतडते. नसेल तर मुकाट जळते.

आत्याबाई वात ज्योतीवर धरायची आणि डोळे मिटून ऐकायची. खोलीत कुणी श्वास टाकत नसे. मग ती म्हणायची, "झालं." तेवढ्या एका शब्दावर वैद्य फडक्यानं कढईचे कान धरून ती खाली उतरवत. एकदा त्यांनी स्वतः पुस्तकात बघून "अजून शिजू दे" म्हटलं होतं. आत्याबाईनं डोळे न उघडता सांगितलं, "पुस्तकाला कान नसतात, भाऊ." ती गोष्ट पुढे कित्येक वर्षं दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रोग्यांना सांगितली जायची. सांगणारे बहुतेक वेळा वैद्यच असायचे.

आणि मग वैद्यांची सून आली.

सून औषधांचं शिकलेली होती, परीक्षेत पहिली आलेली होती, आणि या दोन्ही गोष्टी आत्याबाईनं पोटात घातल्या असत्या. पण तिचे केस! काळेभोर, दाट, एका मुठीत मावणार नाहीत असे. ती बाहेरच्या खोलीत लेबलं चिकटवायला बसली की तिची वेणी स्टुलावरून खाली लोंबायची, आणि बाकावरची माणसं आपापलं दुखणं विसरून तिकडे बघत बसायची.

"काय लावतेस गं तू केसांना?" शिंपीणबाईनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. शिंपीणबाई कोपऱ्यावर कपडे शिवायची. तिच्या कानामागे कोटाच्या बटणाएवढी चाई पडली होती, तिथला केसन् केस गेला होता. ती आठवड्यातून दोनदा येऊन ती जागा वैद्यांना दाखवायची, जणू एखादवेळेस मधल्यामध्ये रान उगवलं असेल.

"काही नाही हो," सून हसून म्हणाली, "आमच्या आईचेही असेच आहेत."

"अगं, सरळ सांग की इथलंच तेल लावतेस! आम्ही काय नजर लावणार आहोत?"

आत आत्याबाई औषधं वाटत होती. पाट्यावरचा वरवंटा थांबला. एकतीस वर्षं तेल शिजवलं आत्याबाईनं, आणि जाहिरात झाली ती कालच्या पोरीच्या वेणीची. शिंपीणबाई त्या दिवशी एकाच्या जागी दोन बाटल्या घेऊन गेली.

तेव्हापासून आत्याबाईचं मन एकेक गोष्ट टिपायला लागलं. वैद्य पूर्वी "ताई, नरसाळं दे" म्हणायचे, आता "सूनबाई, नरसाळं" म्हणू लागले. टपालवाल्याच्या भेगाळलेल्या टाचा बघताना त्यांनी सुनेला जवळ बोलावून दाखवलं. मुरमांनी हैराण झालेली एक मुलगी आली, तिला वैद्यांनी नेहमीप्रमाणे आधी पोटाचं विचारलं, कारण त्वचेचं गाऱ्हाणं अर्धं पोटातून येतं असं त्यांचं मत होतं. मुलगी लाजून गप्प बसली. सुनेनं तिला आडोशाला नेलं, दोन मिनिटांत सगळं काढून घेतलं आणि लेपाची पुडीही स्वतःच बांधून दिली. वैद्य म्हणाले, "वा!"

हा 'वा' आत्याबाईच्या जिव्हारी लागला. तिला आठवेना, भाऊ आपल्याला शेवटचं 'वा' कधी म्हणाला होता. आणि अलीकडे तो बोलायचाही असा पुटपुटत, की धड कळायचंच नाही. त्यांच्या गुजगोष्टी आपल्यापासून लपवून चालतात, अशी तिची खात्रीच झाली.

एक दिवस जेवताना वैद्य जरा मोठ्यानं म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी वात सूनबाईलाही ऐकू दे. कुणीतरी शिकून ठेवायला हवं."

"का? मी कुठे चाललेय?"

"अगं, चाललीस असं कोण म्हणतंय?"

"मग घाई कसली? ढवळू दे की तिला आधी वर्षभर. हाताला घट्टे पडू देत. कान काय, सगळ्यांनाच असतात."

सून मान खाली घालून पाणी प्यायली. पाणी पिताना ती हसली असं आत्याबाईला वाटलं. ती हसली नव्हती, पण वाटायला काय लागतं.

पुढच्या तेलाच्या दिवशी आत्याबाईनं पहाटेच कढई चढवली. सुनेला तिनं ढवळायला बसवलं आणि दुपारपर्यंत उठू दिलं नाही. "तळाला लागू देऊ नकोस. काठाचं खरवडून आत घे. अशी काय धरतेस पळी, लेखणी आहे का ती?" सून घामानं निथळली. वेणी तिनं डोक्यावर गुंडाळून बांधली होती. दिसायला ती आणखीच बरी दिसत होती, हे एक आत्याबाईच्या मनाला वेगळंच लागलं.

तेलावर फेस चढला. वैद्य फडकं घेऊन येऊन उभे राहिले. आत्याबाईनं काठाशी आलेला कल्क चिमटीत धरला, वळला. सुरेख वळला. तिनं वात ज्योतीवर धरली आणि डोळे मिटले.

शांत. अगदी शांत. एवढी शांत वात तिनं गेल्या कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

"झालं," ती म्हणाली. डोळे उघडून तिनं सुनेकडे पाहिलं. सून तिच्या अगदी जवळ येऊन उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. उतरणारच. एवढं सोपं असतं का हे, पोरी? आत्याबाईला त्या संध्याकाळी भूकही जरा जास्तच लागली.

तीन आठवड्यांनी शिंपीणबाई आली ती डोकं खाजवतच. मागच्याच आठवड्यात तिच्या चाईवर बारीक लव दिसायला लागली होती, ती तिनं निम्म्या गल्लीला दाखवली होती. आता त्या जागेभोवती लाल पुरळ उठलं होतं. तिनं बाटली धाडकन टेबलावर ठेवली.

"वास घ्या, वैद्यबुवा. माझा नवरा म्हणतो, उशी बाहेर टाक."

वैद्यांनी बूच काढलं आणि तोंड फिरवलं. तेल गढूळ झालं होतं, तळाशी पाण्यासारखा थर दिसत होता. त्यांनी कपाटातल्या बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. सगळ्यांची तीच गत.

"पाणी राहिलं," ते म्हणाले.

"कढईत नाही राहिलं," आत्याबाई लगेच म्हणाली. "वात मी स्वतः ऐकली, तू समोर होतास. बाटल्या ओल्या असतील. बाटल्या कोण धुतं हल्ली?"

बाटल्या सून धुवायची. वैद्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी दोन दिवस उन्हात वाळवल्या होत्या, मामंजी."

"दोन दिवस आभाळ होतं," आत्याबाई म्हणाली. आभाळ होतं की नव्हतं हे तिला मुळीच आठवत नव्हतं.

वैद्य कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी शिंपीणबाईसमोर ते सुनेला एवढंच म्हणाले, "शिकलेल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती." शिंपीणबाईला त्यांनी डोकं धुवायला कडुनिंबाचा काढा दिला, तेल बंद करायला सांगितलं आणि हेही सांगितलं, "चाई कधी आपोआप भरते, कधी भरत नाही. पण खवट तेलानं ती भरणार नाही, एवढं खरं. नवं तेल देतो, थांबा थोडं."

आत्याबाईच्या पोटात गारेगार वाटलं. खोटं कशाला सांगा, तिला त्या दिवशी गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

दुपारी वैद्य आडवे झाले. मागच्या अंगणात सून परत आलेल्या बाटल्या गरम पाण्यानं घासत होती. आत्याबाई मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिली.

"आतून नीट घास. बुडाशी ओल राहते."

सुनेनं बाटली खाली ठेवली. उठून ती आत्याबाईच्या समोर आली आणि एकेक शब्द सावकाश, मोठ्यानं बोलली.

"आत्या, बाटल्या कोरड्या होत्या. वात तडतडत होती."

"काय म्हणालीस?"

"तडतडत होती. बारीकच, मामंजींपर्यंत पोचली नसेल. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुमच्या कानाशी येऊन हळूच म्हटलं, 'आत्या, आवाज येतोय.' तुम्ही डोळे मिटून तशाच उभ्या. उत्तरसुद्धा दिलं नाहीत. मग म्हटलं, जाऊ दे."

"म्हणजे माहीत असून गप्प बसलीस? आणि त्या बाईच्या डोक्यावर पुरळ आलं ते?"

सुनेचे डोळे भरले, पण ती मागे हटली नाही. "हो, बसले गप्प. सकाळपासून पळीवरून बोलत होतात मला. मामंजी तुमच्या शब्दाशिवाय कढईला हात लावत नाहीत. मी पहिली आले परीक्षेत, पण त्यांनी एकदाही वात माझ्या हातात दिली नाही. म्हटलं, होऊ दे एकदा यांची फजिती. झाली ती माझीच."

"खोटारडी," आत्याबाई म्हणाली आणि आत गेली.

म्हणजे ही पोरगीसुद्धा जळत होती! आणि ती माझ्यावर! आत्याबाईला क्षणभर यात सुख वाटलं. पण त्या सुखाच्या आत काहीतरी टोचत होतं. कानाशी येऊन म्हटलं? ती जवळ उभी होती खरी.

तिनं कढईच्या खोलीचं दार लावलं. खिडकीचीही कवाडं ओढून घेतली. कापसाची वात वळली, तेलात बुडवली, मग वाटीतल्या पाण्यात बुडवली. चांगली ठिबकेपर्यंत. ही तडतडली नाही तर जगात काही तडतडत नाही. तिनं ती दिव्यावर धरली आणि सवयीनं डोळे मिटले.

काही नाही.

तिनं डोळे उघडले. वातीतून ठिणग्या उडत होत्या. फुलबाजीसारख्या, इकडे तिकडे, तिच्या मनगटावर एक येऊन चटका देऊन गेली. आणि आवाज नव्हता. तिनं वात कानाजवळ नेली, इतकी जवळ की कानाशी आलेली केसांची बट जळाल्याचा वास आला. अगदी जवळ गेल्यावर कुठूनतरी दुरून, कुणी वाळलं पान चुरगळावं तसं काहीतरी ऐकू आलं.

आत्याबाई पाटावर बसली. मग एकामागून एक गोष्टी समोर यायला लागल्या. दूधवाला हल्ली दार बडवायचा, त्याला उद्धट म्हणून तिनं झापलं होतं. भाऊ पुटपुटतो. घड्याळ ठोके देत नाही म्हणून ते दुरुस्तीला पाठवलं होतं, आणि दुरुस्तीवाल्यानं हसून परत दिलं होतं. सगळं जग हळू आवाजात आपल्याविरुद्ध कट करतंय असं जे तिला वाटत होतं, ते तिच्या कानांत होतं.

पण आत्याबाई काही एवढ्यावर हार मानणारी नव्हती. कान गेले तर डोळे आहेत. ठिणगी तर दिसते ना? पुढचे चार दिवस ती दुपारी दार लावून बसली. कमी ओली वात, जास्त ओली वात, कोरडी वात. खिडकी बंद असली की दिसायचं. उघडी असली की उन्हात काही कळायचं नाही. ठरलं तर मग. पुढच्या वेळी "वाऱ्यानं ज्योत हलते" म्हणून खिडकी लावून घ्यायची आणि डोळे किलकिले ठेवायचे. कुणाला पत्ता लागणार नाही. सून बोलली तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? तिनं तर बाटल्या ओल्या ठेवल्या होत्या.

आणि झालंही सगळं तिच्या मनासारखंच. नवं तेल चढवायच्या दिवशी वैद्यांनी सुनेला सांगितलं, "आज तू बाहेर बस. पुड्या बांध. आत ताई बघेल." सून पुड्यांचे कागद घेऊन बाहेर गेली. बाकावर शिंपीणबाई रिकामी बाटली मांडीवर घेऊन बसली होती. तिचं पुरळ गेलं होतं, पण लवही गेली होती.

दिवसभर आत्याबाईनं एकटीनं ढवळलं. खांदे भरून आले. फेस चढला, वैद्य फडकं घेऊन आले. खिडकी बंद. तिनं कल्क वळला, वात ज्योतीवर धरली आणि पापण्यांच्या फटीतून पाहू लागली.

ठिणगी दिसली नाही.

म्हणजे झालं. म्हण, झालं.

पण कढईतून वाफ उठत होती, चष्म्याची काच धुरकट झाली होती. दिसली नाही की उडालीच नाही? तिनं काच पुसली, दुसरी वात धरली. आता काहीतरी चमकल्यासारखं झालं. की ज्योतच हलली? एकतीस वर्षं तिनं हा शब्द उच्चारला होता, आणि तेलानं कधी तिला उलट विचारलं नव्हतं. आज तिच्या जिभेवर तो शब्द येईना. खोटं बोलायला तिची ना नव्हती. मागच्याच आठवड्यात बोलली होती की, आभाळाबद्दल. पण ते माणसांशी. तेलाशी खोटं बोलली तर तीन आठवड्यांनी तेल सगळ्या गावाला सांगत फिरणार.

"ताई?" वैद्य म्हणाले. त्यांचे ओठ तिला दिसले. "काय म्हणतेय वात?"

कढई तापतच होती. आणखी थोडं थांबलं की कल्क करपणार.

आत्याबाईनं दार ढकललं आणि बाहेर पाहून ओरडली, "अगं ए, पुड्या राहू देत! इकडे ये. लवकर!"

सून धावत आली. आत्याबाईनं नवी वात वळून तिच्या हातात कोंबली. "धर. ऐक."

सुनेनं आधी तिच्याकडे, मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस? दिव्याकडे बघ!"

वात पेटली. सून म्हणाली, "तडतडतेय."

"मोठ्यानं बोल."

"तडतडतेय, आत्या! बारीक, पण आहे!"

"ताई, हे काय चाललंय?" वैद्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "तुला नाही कळत का?"

"नाही कळत," आत्याबाई म्हणाली. ती कढईकडे बघत ढवळत होती. "मला ऐकू येत नाही, भाऊ. मागच्या खेपेलाही आलं नव्हतं. बाटल्या कोरड्या होत्या. हिनं सांगितलं होतं, तेही मला ऐकू आलं नाही. झालं का समाधान सगळ्यांचं? आता कल्क बघ, नाहीतर करपवशील बोलण्याबोलण्यात."

कुणीच काही बोललं नाही, किंवा बोललं असेल तर हळू बोललं. वैद्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं ढवळता ढवळता तो झटकला. दुसरी वात. अजून नाही, अशी सुनेनं मान हलवली. तिसरी. सून वातीवर वाकली, आणि तिनं डोळे मिटले.

डोळे मिटायला हिला कुणी सांगितलं? कान गेल्याचं आत्याबाईला एवढं लागलं नव्हतं.

"झालं!" सून खणखणीत आवाजात म्हणाली. तो शब्द आत्याबाईलाही ऐकू आला. बाहेर शिंपीणबाईनंही ऐकला असणार, कारण दारातून तिचं डोकं आत आलं. "अगोबाई, आज नवा आवाज!"

वैद्यांनी कढई उतरवली आणि सुनेकडे बघून म्हणाले, "वा!"

सून लाल झाली. आनंदानं तिला काय करू अन् काय नको झालं होतं. तिनं पुढे होऊन मलमलीचं फडकं उचललं. "मी गाळू का, आत्या?"

आत्याबाईनं फडकं तिच्या हातातून ओढून घेतलं.

"गाळायला कान लागत नाहीत," ती म्हणाली. "सरक बाजूला. आणि ती वेणी बांध आधी, तेलात पडेल."